पट्टी लाल झाली

कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलेली पिवळी पट्टी डोळ्यांदेखत नारिंगी झाली तशी शाल्मली शेजारी उभ्या व्यवस्थापकांकडं वळली. पट्टीवरची भुकटी तिनंच प्रयोगशाळेत तयार केली होती. तिच्या कणाकणात सूक्ष्म छिद्रं होती. आम्लाची वाफ त्यांत शिरली की रंग बदलायचा. आज कारखान्यातली पहिलीच चाचणी होती.

"नलावडे साहेब, कुठंतरी गळती आहे. सगळ्यांना बाहेर काढा."

व्यवस्थापक हसले. "मॅडम, असा वास इथं रोजचाच. आमचं गळती ओळखणारं यंत्र तर गप्प आहे. दमट हवेनं पट्टीचा रंग बदलला असेल."

तसं होऊ शकतं, हे तिलाही माहीत होतं. मागे प्रयोगशाळेत एकदा झालंही होतं. आज ती खोटी ठरली, तर पुन्हा कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं. पण समोर एक बाई पदरानं डोळे पुसत पिंप ढकलत होती, आणि पट्टी लाल होऊ लागली होती.

"बाहेर पळा! सगळे बाहेर!" ती किंचाळली आणि तिनं स्वतःच भोंग्याचं बटण दाबलं.

माणसं फाटकाशी जमली. नलावडे संतापानं तिच्यावर ओरडत होते. मुखवटा घालून आत गेलेला फिटर बऱ्याच वेळानं आला.

"साहेब, टाकीच्या पाइपाचा जोड सुटलाय. वाफ भिंतीपलीकडं चाललीय."

पट्टी खरी ठरली म्हणून शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. नलावड्यांचा चेहरा मात्र पांढराफटक झाला. भिंतीपलीकडं कामगारांची वसाहत होती.

"मॅडम, माझं घर तिथंच आहे."

शाल्मलीनं उरलेल्या पट्ट्या मुठीत घेतल्या आणि ती वसाहतीकडं त्यांच्याही पुढं धावत सुटली.