बंद गळ्याचा झगा

पुतळ्याच्या अंगावर पांढरा झगा चढवून शिंपीणबाई दोन पावलं मागे सरल्या. खांदा बरोबर बसला होता. लांबी घोट्यापर्यंत. गळा बंद ठेवला होता, सासूबाईंच्या कपड्यांना असे तसा. पुतळ्याला डोकं नव्हतं, पण बाकी सगळ्या अंगाने तो हुबेहूब शिंपीणबाईंसारखा उभा होता. तीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, स्वतःसाठी इतक्या निगुतीने शिवलेला हा पहिलाच कपडा. अंगावर चढवायला मात्र दुसरंच कुणीतरी लागणार होतं.

त्यांच्या गळ्यातली गाठ आता लिंबाएवढी झाली होती. ऑपरेशन गुरुवारी सकाळी दहाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आत्ता काढली तर घाबरण्यासारखं काही नाही, महिनाभर रेंगाळलात तर माझ्या हातात काही उरणार नाही. संमतीचा कागद शिवणयंत्राच्या खणात बिनसहीचा पडून होता. आणि आज बुधवार होता.

शिंपीणबाई देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत. रोज सकाळी प्रार्थना करायची, डोळे मिटायचे, शास्त्र म्हणजे बायबल उघडायचं आणि बोट टेकवायचं. बोटाखाली येईल ती आज्ञा. कुणाचं कापड आधी कापायचं, नणंदेशी बोलायचं की अबोला धरायचा, सगळं बोटावर. नवरा बुकबाइंडर. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "अगं, देवाने डोळे दिलेत ते मिटायलाच का?" असं तो म्हणायचा. त्या एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देत.

एरवी त्यांचं स्वतःचं छोटं शास्त्र पुरे. या वेळी जिवाशी गाठ होती, म्हणून कपाटातलं सासूबाईंचं जाड शास्त्र काढलं.

रविवारी बोट पडलं ते आजारी राजाच्या गोष्टीवर. देवाचा संदेष्टा येऊन राजाला सांगतो, घरादाराची निरवानिरव कर, तू यातून उठणार नाहीस. सोमवारी पुन्हा तीच ओळ. मंगळवारी त्यांनी मुद्दाम शेवटाकडून उघडलं. खिडकी बंद होती, वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी पानं आपोआप सळसळली, एकावर एक पडत गेली आणि थांबली. कुठे थांबली ते बघायचीही गरज नव्हती. त्यांनी पुस्तक मिटलं, वर कापड कापायची कात्री ठेवली आणि चहा करायला गेल्या. परत आल्या तेव्हा कात्री टेबलाच्या कडेला घसरली होती आणि पुस्तक उघडं पडलं होतं. तेच पान.

मग त्यांनी विचारणं थांबवलं. गिऱ्हाइकांचे कपडे गठ्ठ्यात बांधून चिठ्ठ्या लावल्या. फार भीती वाटत होती, पण आज्ञा ती आज्ञा. रातोरात शवपेटीसाठीचा झगा शिवला. सकाळी शास्त्र नवऱ्याच्या हातात दिलं. "पुठ्ठा नीट करून द्या. लेकीला द्यायचंय."

दुपारी तो मागच्या खोलीतून शास्त्र घेऊन आला आणि दारातच थबकला.

"हा झगा कुणाचा?"

"माझा."

त्याने पुतळ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग शिंपीणबाईंनी सगळं सांगितलं. रविवार, सोमवार, मंगळवार, कात्री. "तीनदा सांगितलं हो त्याने. उद्या मी जाणार नाही."

तो स्टुलावर बसला. शास्त्र मांडीवर ठेवून त्याने हात काढून घेतला. दोघांच्या डोळ्यांदेखत पुठ्ठा उचलला गेला, पानं सळसळत उलटली आणि त्या पानाशी येऊन थांबली. शिंपीणबाईंनी डोळे घट्ट मिटले.

"डोळे उघड," तो म्हणाला. "इथली शिवण तुटलीय. रोज ज्या पानाशी उघडतात, तिथेच पुस्तकाचा कणा मोडतो. मी लहान असताना आई रोज सकाळी हेच पान उघडून बसायची. का, ते कधी बोलली नाही. आणि तू एका ओळीवर बोट ठेवून थांबलीस? बोट उचल. पुढे वाच."

शिंपीणबाईंनी वाचलं. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. देव त्याचे अश्रू बघतो, आणखी पंधरा वर्षं देतो. लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट, भीतीपायी पार विसरली होती. पानाच्या तळाशी तोच संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लेप आणा, याच्या गळवावर बांधा.

"लेप?"

"लेप. बरं करीन असा देवाने शब्द दिला होता. तरी औषध लावलंच की."

बोट त्या ओळीवरून घसरत समासात गेलं. तिथे पेन्सिलीची पुसट खूण होती. त्यांनी शास्त्र खिडकीपाशी नेलं. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर सासूबाईंचं. एक जुनी तारीख, सालासकट, आणि पुढे दोनच शब्द: सही केली.

त्यांना आठवलं, सासूबाईंनी त्यांना गळ्याचं माप कधीच घेऊ दिलं नव्हतं. भर उन्हाळ्यातही बंद गळा. नमुन्याला जुना कपडा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, यावरून शीव.

शिंपीणबाईंनी खण ओढून कागद बाहेर काढला. पेन शोधता शोधता ती तारीख त्यांनी पुन्हा एकदा वाचली आणि स्टुलावर डोळे पुसत बसलेल्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

त्याचा जन्म त्या तारखेनंतर तीन वर्षांनी झाला होता.