बाहीची माया

चूक तुमची आहे, मोठे डॉक्टर. तुम्ही तिचा स्तनाचा कॅन्सर काढलात, ते उपकार ती नाकारत नाही. पण दोन कान असून तुम्ही तिचं ऐकलं नाहीत.

गेल्या वर्षी ही शिवणवाली तुमच्यासमोर बसून म्हणाली होती, "डॉक्टर, उजव्या बाहीची माया संपली." शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. अंगाला घट्ट झालं की उसवायचं आणि सैल करायचं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून तिचा हात फुगत चालला होता. बाही उसवता उसवता आतलं कापडच संपलं, हे ती सांगत होती. तुम्ही कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसलेलं. तुम्हाला नुसतं 'माया संपली' ऐकू आलं. तुम्ही झोपेच्या गोळ्या लिहिल्या, आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावून बायकोला जरा प्रेमाने वागवायला सांगितलं. बिचाऱ्याने आठ दिवस इमानेइतबारे सकाळचा चहा करून दिला. हात सुजतच राहिला. शेवटी कात्रीच्या कड्यांत बोटं जाईनात. अख्ख्या गल्लीचं कापड बेतणारी बाई डाव्या हाताने गुंड्या लावत बसली.

आज मात्र ती दवाखान्याचा जिना असा चढली, की बरोबरची नणंद एक मजला मागे राहिली.

तीन महिन्यांपूर्वी ती संडास शोधताना चुकून तुमच्याच मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत शिरली होती. तिथे व्यायामवाल्या बाई बसतात. त्यांनी हात हातात घेतला, दोन्ही दंड मोजले आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतीस? ही सूज मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पट्ट्या गुंडाळल्या, घट्ट बाही दिली, हलक्या हाताने चोळायला शिकवलं. दोन हातांत पाऊण इंचाहून जास्त फरक दिसला की कुणीही माझ्याकडे यावं, असंही म्हणाल्या.

आज सकाळी टेप लावली, तर दंड सव्वा इंच उतरलेला. तिने तीनदा मोजला. चौथ्यांदा नणंदेने मोजला, कारण नणंदेचं म्हणणं, स्वतःचं माप स्वतः घेणारा शिंपी हमखास खोटं बोलतो. माप तेच आलं. मग तिने कात्री उचलली, बोटं कड्यांत गेली, आणि चहा उकळून उतू गेला तरी दोघी कापड बेतत राहिल्या.

हेच तुम्हाला दाखवायला ती आली होती. नंबर एकोणिसावा. गळ्यात टेप तशीच लटकत होती, काढायची राहून गेली होती.

बाकावर शेजारच्या बाईने घड्याळ उजव्या मनगटावर बांधलेलं. का, तर डाव्या हाताला पट्टा आवळतो. शिवणवालीने विचारलं, ऑपरेशन कुठल्या बाजूचं? डाव्याच बाजूचं. मग ती कसली गप्प बसते. हात पुढे कर म्हणाली आणि टेप लावली. एक इंच फरक.

बघता बघता बाकावरच्या आठही जणींच्या बाह्या वर गेल्या. सहा जणींची मापं सारखी निघाली, त्यांनी सुस्कारे सोडले. एक जाडजूड बाई आधीच बजावू लागली, की कमरेकडे टेप नेलीस तर बघ, माझा नवरा त्या आकड्याचीच वाट बघतोय. सगळ्या खिदळल्या. नणंद फायलीच्या पाठीवर पेन्सिलीने मापं उतरवत होती आणि मधूनच 'पुढची' म्हणून हाक देत होती. सिस्टर ओरडायला आली होती; तिनेच टेपचं दुसरं टोक धरलं.

शेवटची बाई बारीक अंगाची, कुणाशी न बोलणारी. तिच्या दोन हातांत दोन इंचांचा फरक. ती हळूच म्हणाली, की मी दाखवला होता डॉक्टरांना. वजन वाढलंय म्हणाले, खाणं कमी कर. सहा महिने ती रात्रीची जेवली नव्हती. अंग वाळलं, हात तेवढा राहिला.

नणंदेने फायलीवरचा तो आकडा दोनदा गिरवला.

तेवढ्यात तुम्ही दार उघडून बाहेर आलात आणि विचारलंत, "हा काय बाजार मांडलाय?"

आपला उतरलेला दंड दाखवायचं शिवणवालीच्या डोक्यातूनच गेलं. त्या बाईच्या दंडाभोवतीची टेप तिने सोडली नाही.

"दोन इंच, डॉक्टर," ती म्हणाली. "हिने सहा महिने पोट मारलं. हा हात खाण्याने फुगला, की तुम्ही न बघितल्याने? हिच्या तोंडावर सांगा."

तुम्ही म्हणालात, आत या, एकेक करून बोलू. कुणी हललं नाही. एकीनेही बाही खाली केली नाही.

मग ती कुणाशी न बोलणारी बाईच एक पाऊल पुढे आली. म्हणाली, "इथेच सांगा ना. मला भूक लागलीय."