मराठी शेजार

दिवाकरला पनागरच्या रस्त्यावरचं घर पसंत होतं. अंगण मोठं, भाडं कमी. पुष्पा मात्र राइट टाउनच्या दोन खोल्यांवर अडून बसली, कारण या हिंदी मुलखात तिथली घरमालकीण मराठी होती. भांडी आदळून तिनं घर डोक्यावर घेतलं.

"त्या मोहल्ल्यात भिंतीसुद्धा हिंदी बोलतात. पोरगी आताच मला हिंदीत उत्तरं देऊन राहिली. तिची जीभच गेली, तर तुमचं अंगण काय चाटाचं आहे?"

दिवाकरनं हात टेकले.

राइट टाउनला शरयूताईंनी दोघांना हसून आत बसवलं. "हिंदीवाले रोज विचारायला येतात, पण मी साफ नाही म्हणते. शेजारी आपली भाषा कानावर पडली पाहिजे हो."

पुष्पानं नवऱ्याकडं विजयानं पाहिलं. "अगदी माह्या मनातलं बोलल्या जी. उद्याच सामान आणतो आम्ही, उगीच वाट काहून पाहाची?"

'काहून' ऐकताच शरयूताईंचं हसू मावळलं. त्यांनी पुष्पाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.



"घर तो कल ही किराये से उठ गया, बहनजी."