मांगे माल शे

"टायर संपलेत, भूमिका! आत ये, नवे लावू," इंजिनीअर रेडिओवर ओरडला. फॉर्म्युला शर्यतीच्या चारच फेऱ्या उरलेल्या. थांबली तर शर्यत जाणार, आणि शर्यत गेली की पुढच्या वर्षी संघात जागाही नाही. ती थांबली नाही. भडगावहून जळगावला केळी नेताना आबा तिच्या हाती टेम्पो द्यायचे आणि शेजारी बसून बजावायचे, "पोरी, मांगे माल शे. धक्का बसना ते केयीले डाग पडतीन." आताही तिने ब्रेकवर तसाच अलगद पाय ठेवला. घासलेले टायर टिकून राहिले. पुढचा गडी मात्र प्रत्येक वळणावर करकचून ब्रेक मारत होता. शेवटच्या वळणावर त्याची चाकं घसरली, गाडी बाहेर भरकटली आणि भूमिका आतून सुसाट पुढे गेली. जिंकली! इंजिनीअर रेडिओवर म्हणाला, "भूमिकाबाई, पुढच्या वर्षी हेल्मेट कोणत्या रंगाचं?"