अकराव्या नावापुढे

कागद एका जागी पातळ झाला होता. यादीतल्या अकराव्या नावापुढे टाइपरायटरचा खरखरीत रबर तीनदा फिरला होता. सुमतीने कागद उचलला तेव्हा खिडकीतले डिसेंबरचे ऊन तेवढ्याच जागेतून आरपार आले. जागा दोन बोटे रुंद असेल. बाकीच्या दहा नावांपुढे खाती टाइप झालेली होती.

सुमती मुख्यमंत्र्यांची लघुलेखिका होती. केशवराव तिचे तिसरे मुख्यमंत्री. त्यांची शपथ परवा झाली होती. मंत्र्यांची आज होती, इथेच नागपूरला, राजभवनात, अकरा वाजता. घड्याळात सव्वादहा झाले होते.

अकरावे नाव कांताबाई गजघाटे यांचे होते. त्या टेबलाच्या पलीकडे, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. केशवराव आणि त्या दोन निवडणुका एकमेकांविरुद्ध लढले होते. एकदा ते जिंकले, एकदा त्या. मग केशवरावांनी मतदारसंघ बदलला. आता कांताबाईंच्या छोट्या पक्षाच्या पाठिंब्यावर त्यांचे सरकार उभे राहत होते.

"खातं सांगा," कांताबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले, नुसता चहा पाजून राहिले तुमी."

"अजून ठरलं नाही, ताई," केशवराव म्हणाले.

"माझं ठरलं आहे. महसूल."

खिडकीजवळ भैयाजी बसले होते. ते केशवरावांच्या पक्षातले सर्वांत जुने आमदार. पाचशे एकरांचा माणूस, असे लोक त्यांच्याबद्दल हळू आवाजात म्हणत.

"कांताबाई, रागावू नका," भैयाजी म्हणाले. "आजपर्यंत तुमच्या लोकांनी समाजकल्याण सांभाळलं. चांगलं सांभाळलं."

"सांभाळलं ना. होस्टेलच्या चादरी मोजल्या." कांताबाईंनी पिशवीतून एक जाड फाइल काढून टेबलावर ठेवली. "हे आमच्या वस्त्यांच्या पट्ट्यांचे अर्ज. पंधरा वर्षं झाली, ज्या जमिनीवर घर आहे ती नावावर करून द्या म्हणून राहिलो. सही महसूलमंत्र्याची लागते. मी समाजकल्याणमंत्री झाली, तर काय करीन? लाल दिव्याच्या गाडीत बसून त्याच्याकडे अर्ज घेऊन जाईन. अर्ज तर मी पायीही नेतो."

"महसूल त्यांना दिलं तर माझे सात जण उठतील," भैयाजी केशवरावांना म्हणाले.

"नाही दिलं तर माझे पाच," कांताबाई म्हणाल्या.

सरकारचे बहुमत चारचे होते. सात उठले तरी ते पडत होते, पाच उठले तरी पडत होते. हे खोलीतल्या चौघांनाही कळत होते. केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आठ दिवस ते हेच करत होते.

"ताई, खरंच सांगतो, मनात काही धरलेलं नाही. बघा, जागा कोरी आहे." त्यांनी यादी पुढे सरकवली.

यादीबरोबर खालच्या कार्बन प्रतीही सरकल्या. कांताबाईंनी वरचा कागद पाहिला. मग तो उचलून खालची प्रत पाहिली. मग तिच्याही खालची. तिथे त्या थांबल्या.

सुमतीच्या लक्षात आले. वरचा कागद तिने खोडला होता, दुसराही. तिसरी प्रत खोडायची राहून गेली होती.

"कोरी कुठं आहे?" कांताबाईंनी ती प्रत वळवून केशवरावांपुढे धरली. निळसर, थोडी पसरलेली अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. समाजकल्याण. "ठरलं नाही म्हणता, अन् खाली टाइप होऊन आहे."

केशवराव प्रतीकडे बघत राहिले. "हे मी सांगितलं नव्हतं."

"मग यानं सांगितलं असंल." कांताबाईंनी भैयाजींकडे हनुवटी केली.

"मी? मी यादी आत्ता बघतोय!"

"कोणीच नाही सांगितलं," सुमती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज मोठा वाटला. "नावं आली होती, खाती यायची होती. साहेबांनी दहा सांगितली. अकरावं मीच टाइप केलं, मग खोडलं."

कांताबाई तिच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "काहून वं, बाई?"

सुमतीने उत्तर शोधले. एकच होते.

"नाव वाचलं, आणि हात आपोआप गेला. आधीच्या दोन्ही याद्यांत अशा नावापुढे तेच होतं."

कांताबाईंनी तिसरी प्रत टेबलावर ठेवली आणि फाइल पिशवीत घातली. त्या उठल्या.

"केशवराव, जरीपटका भागातल्या सभेत तुमी माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलले होते. पट्टे मीच देईन म्हणून. मी समोर गर्दीत उभी राहून ऐकलं. बाईनं खरं सांगितलं, तिच्यावर राग नाही. पण त्या खोडलेल्या जागेवर बसाले मी नाही येत. विरोधी बाकावर बसतो."

त्या दारापर्यंत पोचल्या. भैयाजींनी पाय लांब केले.

"सुमतीबाई," केशवराव म्हणाले, "तो कागद काढा. नवीन लावा."

"केशव, विचार कर," भैयाजी म्हणाले.

"आठ दिवस केला. तुम्हाला उठायचं असेल तर उठा, भैयाजी. दार उघडंच आहे."

भैयाजी उठले नाहीत. कांताबाई दाराच्या कडीवर हात ठेवून थांबल्या होत्या.

सुमतीने तीन कागद आणि दोन कार्बन नीट जुळवून मशीनमध्ये घातले. दहा नावे आणि दहा खाती तिने न थांबता टाइप केली. मग अकरावे नाव. तिचे बोट आपोआप एका कळीवर जाऊन टेकले. तिने ते उचलले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वर पाहिले.

"महसूल," केशवराव म्हणाले.