क्लिपचे कान

“त्या कागदावर सही करू नका, मास्तर!” डावरी गाडीखालच्या खड्ड्यातून ओरडली.

मॅनेजरने पेन पुढे धरलं होतं. पंधरा दिवसांत तीच रुग्णवाहिका तिसऱ्यांदा परत आली होती. डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा, धुराची जाळी तुंबल्याचा. मास्तरांनी जाळी साफ केली, सेन्सर बदलला. दिवा काही हटेना. काल तर गाडी पेशंटला घेऊन चढावावरच अडून बसली. आता मास्तर स्वखुशीने काम सोडताहेत, असं कागदावर लिहिलं होतं. खुशी अर्थातच मॅनेजरची होती.

मास्तर म्हणजे डावरीचे सख्खे मामा. ती डाव्या हाताने पाना धरते म्हणून गॅरेजने तिला ते नाव चिकटवलं होतं. मामांनी मात्र तिला हात बदलायला कधी सांगितलं नाही. त्यांना असं हाकललेलं तिला बघवणार नव्हतं.

“ज्याची चूक निघेल, तोच घरी जाईल. शब्द द्या, साहेब.”

“दिला. दहा मिनिटं घे.”

तिने वर येऊन स्कॅनर जोडला. जाळीच्या आधी एक नळी, नंतर एक. दोन्हीकडच्या दाबातला फरक सेन्सर मोजतो. तिने ड्रायव्हरला इंजिन रेटायला सांगितलं. आकडा वाढायला हवा होता. तो शून्याच्याही खाली घसरला.

“नळ्यांची अदलाबदल झालीय!” तिला आनंद लपवता येईना. “खालच्या टोकाला, जाळीपाशी. सेन्सर बिचारा काय करणार? आणि मास्तरांनी काम केलंय ते वरच्या टोकाला.”

“मग खाली कोणी हात घातला?” मॅनेजरने विचारलं. “सायलेन्सर उतरवला होता, तेव्हाच्या जॉबकार्डावरही नाव मास्तरांचंच आहे.”

काम कोणीही केलं तरी सगळीच जॉबकार्डं मास्तरांच्या नावाने निघत. डावरीने पुन्हा खड्ड्यात उतरून बॅटरीचा झोत टाकला. नळ्यांवरच्या क्लिपा काजळीने काळ्या झाल्या होत्या. दोन्हींचे कान, पक्कडीत धरून दाबायची टोकं, डावीकडे वळलेले. तिने पक्कड धरायच्या आपल्या हाताकडे पाहिलं.

मामा तोवर खड्ड्यात उतरले होते. त्यांनीही ते पाहिलं. तिचं कोपर घट्ट दाबत ते वर बघून म्हणाले, “माझ्याच हातून झालं, साहेब. आणा तो कागद.”

डावरीने कोपर सोडवून घेतलं.

“मामा, जन्मात पहिल्यांदा खोटं बोलताय, आणि तेही धड जमत नाहीये.” ती तरातरा वर आली आणि बॅटरी मॅनेजरच्या हातात कोंबली. “खाली उतरा, साहेब. क्लिपचे कान बघा, डावीकडे वळलेत.”

“बरं, मग?”

“मग मघाचा शब्द पाळा. या गॅरेजात डावरी एकच आहे.”