तिसरी बुडी

आपल्याच पावलांकडे बघत हेरंब घाट उतरला. वडिलांच्या अस्थी त्याने नदीत सोडल्या आणि बुड्या मारायला तो कमरेइतक्या पाण्यात शिरला.

"काठालाच थांब रे," थोरली बहीण शालन वरून म्हणाली. "डोळे मिटून साधं उभंही राहता येत नाही तुला."

"अक्का, पुरात पोहलोय मी इथं."

ते खरंच होतं. पण तेव्हा त्याच्या कानातला तोल शाबूत होता. पुढे आभासी चष्मा लावून घरातून बंदरावरच्या क्रेन चालवायची नोकरी लागली. डोळ्यांना झोके दिसायचे, अंग मात्र खुर्चीत स्थिर. रोज उलट्या व्हायच्या. कंपनीच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतल्या तोलाच्या नसाच बंद करून टाकल्या. उलट्या थांबल्या. वर कुठे आणि खाली कुठे, हे तेव्हापासून फक्त डोळे सांगत.

दोन बुड्या पायरीवर पाय रोवून झाल्या. तिसरीला शेवाळावरून पाय सुटला आणि तो खोलात गेला. गढूळ पाण्यात डोळे उघडले तरी अंधारच. हेरंब घाबरला नाही. पट्टीचा पोहणारा तो. सगळी ताकद लावून वर निघाला.

आता हवा मिळणार म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि त्यात तळाचा चिखल भरला.